ध्रुवीय समुद्राचा तळ: पाहायचा कसा, राखायचा कसा

अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात, ४२० ते ५३५ मीटर खोलीवर, माशांची घरटी आहेत. एक घरटे म्हणजे गाळ बाजूला सारून केलेला गोल खळगा, सुमारे ७५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल. खळग्यात बारीक खडे, खड्यांवर सरासरी १,७३५ अंडी, आणि अंड्यांवर राखण करत बसलेला एक आइसफिश. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'पोलारश्टेर्न' हे जर्मन संशोधन जहाज फिल्चनर आइस शेल्फच्या, म्हणजे जमिनीवरच्या बर्फाच्या समुद्रावर तरंगणाऱ्या फळीच्या, समोरच्या पट्ट्यात तळालगत कॅमेरा ओढत चालले होते, तेव्हा ही घरटी एकामागून एक पडद्यावर येऊ लागली. फोटोंतून मोजली ती १६,१६० भरली. त्यांतल्या ७६ टक्के घरट्यांत वीण चालू होती.

बातम्यांत मात्र ६ कोटी घरट्यांचा आकडा आला. तो कुठून आला? घरट्यांची सरासरी दाटी चौरस मीटरला ०.२६ निघाली आणि वसाहतीचा विस्तार अंदाजे २४० चौरस किलोमीटर धरला गेला. २४० चौरस किलोमीटर म्हणजे २४ कोटी चौरस मीटर. त्याला ०.२६ ने गुणले की ६ कोटींच्या थोडे वर जाते. यातली दाटी फोटोंवरून मोजलेली आहे. विस्तार मात्र कॅमेऱ्याच्या मोजक्या रेषांवरून बांधलेला अंदाज आहे. ध्रुवीय समुद्रतळाविषयी कुठलाही मोठा आकडा वाचताना हा भेद लक्षात ठेवावा. किती पाहिले आणि किती ताणले, हे दोन्ही विचारावे.

त्या भागात संशोधन जहाजे अनेक वर्षे जात होती. तरी जगातली ही सर्वांत मोठी ज्ञात मत्स्य-वीण वसाहत २०२१ पर्यंत कोणाच्या नजरेस पडली नव्हती, कारण नेमक्या त्या रेषेवरून कॅमेरा गेलाच नव्हता. संरक्षणाचे नियम नकाशावर आखले जातात आणि नकाशावर तेच येते जे कोणीतरी पाहिलेले असते. म्हणून या लेखात पाहण्याच्या पद्धतींना जास्त जागा दिली आहे. पाहणीतली चूक पुढे थेट नियमात उतरते.

हा तळ वेगळा का

जगात बहुतेक ठिकाणी किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन शंभर-दोनशे मीटर खोल असते. अंटार्क्टिकाभोवती ती सरासरी ५०० मीटरच्या आसपास आहे, आणि हिमनद्यांनी कोरलेल्या चरांमध्ये हजार मीटरच्याही खाली जाते. खंडावरच्या बर्फाच्या वजनाने जमीन दबली आहे, आणि जुन्या हिमनद्यांनी ती किनाऱ्याकडच्या बाजूला जास्त खरवडली आहे. त्यामुळे कित्येक ठिकाणी उतार उलटा आहे: किनाऱ्याकडे जावे तसा तळ खोल होतो.

पाण्याचे तापमान उणे १.८ ते उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. खारे पाणी त्याच सुमाराला गोठते. साधारण माशाचे रक्त उणे ०.८ अंशाच्या आसपास गोठेल. इथले मासे जगतात ते रक्तातल्या गोठणरोधक प्रथिनांवर. ही प्रथिने बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटतात आणि कण वाढू देत नाहीत. आर्थर डिव्हरीस यांनी १९६० च्या दशकात अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो साउंड या सामुद्रधुनीतल्या माशांत ती शोधली. आइसफिशने याच्याही पुढची मजल गाठली आहे. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, रक्त जवळजवळ पाण्यासारखे दिसते. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, म्हणून त्याचे भागते. पण हेच त्याचे दुबळेपणही आहे: पाणी तापले की विरघळलेला ऑक्सिजन घटतो आणि त्याच वेळी शरीराची मागणी वाढते.

कवचे फोडून खाणारे खेकडे आणि शार्क या थंड तळावर जवळपास नाहीत. त्यामुळे स्पंज, मऊ प्रवाळ, पिसासारखे हात पसरून बसणारे समुद्रतारे असे एका जागी उभे राहून पाण्यातले कण गाळून खाणारे जीव इथे मुबलक आहेत. काचेसारख्या सांगाड्याचा एक मोठा काचस्पंज म्हणजे एक वस्तीच असते. त्याच्या पोकळीत झिंग्यांसारखे छोटे जीव राहतात, अंगावर ठिसूळतारे चढतात, काही मासे त्याच्या आडोशाला अंडी घालतात. स्पंज गेला की हे सगळे उघड्यावर येतात.

अन्न येते ते वरून. उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत पृष्ठभागावर वनस्पतिप्लवक, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, फोफावते, मरते आणि खाली झिरपते. उरलेले वर्ष त्याच शिदोरीवर काढायचे. साहजिकच बहुतेक जीव हळू वाढतात, उशिरा प्रजनन करतात आणि दीर्घकाळ जगतात. आर्क्टिकमध्ये लँगसेथ पर्वतरांगेच्या बुडालेल्या माथ्यांवर २०१६ मध्ये सापडलेल्या स्पंजांचे सरासरी वय ३०० वर्षांच्या घरात आहे. कायम बर्फाखाली असलेल्या त्या जागी वरून जेमतेम अन्न पोहोचते. आपल्या अंगातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने ते स्पंज हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या नळीकृमींच्या अवशेषांवर जगतात.

मात्र 'ध्रुवावर सगळे संथ' हा नियम धरून चालणेही चुकीचे ठरते. आइस शेल्फची तरंगती फळी शेकडो मीटर जाडीची असते. लार्सन ए ही अशी फळी १९९५ मध्ये फुटली. तिच्याखालच्या तळाची २००७ आणि २०११ मध्ये पाहणी झाली, तेव्हा अवघ्या चार वर्षांत काचस्पंजांचे एकूण वजन दुप्पट आणि संख्या तिप्पट झालेली आढळली. बर्फ हटला, प्रकाश आला, प्लवक आले आणि दबा धरून बसलेली वाढ सुटली. दुसरा पुरावा अंटार्क्टिकातल्या रोथेरा या ब्रिटिश संशोधन केंद्राजवळचा आहे. तिथे १५ मीटर खोलीवर विजेने तापवलेल्या पाट्या ठेवल्या होत्या. पाटीलगतचे पाणी फक्त १ अंशाने गरम होते, तरी काही जीवांच्या वाढीचा वेग जवळपास दुप्पट झाला आणि एकाच जातीच्या शेवाळप्राण्याने पाटी व्यापून टाकली. वाढ झाली, विविधता घटली. 'वाढ वेगाने झाली' ही बातमी नेहमी चांगलीच असते असे नाही, ते यासाठी.

हिमनग नांगरतो, मग जाळ्याने काय बिघडते?

हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि तो रास्त आहे. हिमनगाचा बुडालेला भाग तळाला टेकला की तो वाऱ्या-प्रवाहांनी ढकलला जात तळावर चर पाडत जातो. त्या चरात जवळजवळ काहीच वाचत नाही. उथळ पाण्यात आणखी एक प्रकार घडतो. मॅकमर्डो साउंडमध्ये साधारण ३० मीटर खोलीपर्यंत, आणि १५ मीटरच्या वर सर्वांत जास्त, थेट तळावरच बर्फाच्या पाकळ्या धरतात, जीवांना विळखा घालतात आणि पुरेशा साठल्या की त्यांना उचलून वर घेऊन जातात. म्हणून तिथे १५ मीटरच्या वर स्थिर जीव फारसे दिसत नाहीत आणि ३३ मीटरच्या खाली गेले की स्पंजांचे रान लागते.

फरक तीन गोष्टींत आहे. हिमनग दोन चरांच्या मध्ये न नांगरलेले तुकडे सोडतो, आणि नवी वस्ती त्या तुकड्यांतूनच पसरते. इथल्या बऱ्याच जातींची पिल्ले पाण्यात दूर वाहत जात नाहीत, आई ती अंगावरच वाढवते. म्हणून जिवंत तुकडा शेजारीच असावा लागतो. तळ घासणारे जाळे मासे मिळतात त्याच पट्ट्यावरून पुन्हापुन्हा फिरते आणि असे तुकडे शिल्लक ठेवत नाही. दुसरे, हिमनगाची पोहोच खोलीने मर्यादित आहे. जाळे आणि गळ त्याच्या पलीकडे जातात, जिथल्या जीवांना असा धक्का सोसण्याची सवयच नाही. तिसरे, आता हिमनगाचा धक्काही वाढला आहे. हिवाळ्यात समुद्र गोठलेला असतो तेव्हा हिमनग जागच्या जागी अडकून राहतात. समुद्रबर्फाचे दिवस घटले की ते जास्त काळ मोकळे फिरतात आणि उथळ तळ जास्त वेळा नांगरला जातो.

यात तापमानाची भर पडते ती अशी. लॅटर्न्युला हा मोठा शिंपला गाळात रुतून राहतो. हिमनगाने उपटला तर त्याला पुन्हा गाळात शिरावे लागते, नाहीतर तो खाल्ला जातो. प्रयोगात पाणी अडीच अंशांवर नेले तेव्हा निम्म्या शिंपल्यांना पुन्हा शिरता आले नाही. पाच अंशांवर एकालाही जमले नाही. शिंपला मेलेला नसतो, पण जगण्यासाठी लागणारे एक काम त्याच्या हातून सुटलेले असते. धोक्याची पातळी ठरवताना 'किती अंशांना मरतो' एवढेच मोजले तर ती फार वर ठरते.

पाहणी: आधी आवाज, मग कॅमेरा, शेवटी हात

कुठल्याही नव्या भागात पहिले काम म्हणजे तळाचा नकाशा. जहाजाच्या बुडाला बसवलेला मल्टिबीम सोनार पंख्यासारखे ध्वनिझोत खाली सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून खोली काढतो. एक अंश रुंदीचा झोत ५०० मीटर खोलीवर सुमारे ९ मीटरचा ठिपका व्यापतो. त्याहून लहान काही नकाशावर उमटत नाही. हिमनगाचा चर दिसेल, स्पंज दिसणार नाही.

सर्रास होणारी चूक ध्वनीच्या वेगाची आहे. समुद्रात तो ढोबळमानाने सेकंदाला १,५०० मीटर धरतात, पण गोठणबिंदूजवळच्या पाण्यात १,४४० च्या आसपास असतो. जुना आकडा तसाच ठेवला तर खरी ५०० मीटर खोली सुमारे ५२१ मीटर दाखवली जाते, आणि झोत वाकल्यामुळे पट्ट्याच्या दोन्ही कडा वर किंवा खाली मुडपलेल्या दिसतात. म्हणून पाहणीआधी आणि पाण्याचा थर बदलेल तिथे पुन्हा तापमान-क्षारता मोजणारे यंत्र सोडून वेगाचा आलेख घ्यावा लागतो. हिमनद्यांचे वितळपाणी जिथे येते तिथे काही किलोमीटरांतच तो बदलतो. बर्फ फोडत जाताना बुडाखाली हवेचे बुडबुडे आणि बर्फाचे तुकडे येतात आणि नकाशात भोके पडतात. अशा वेळी वेग कमी करून मोकळ्या पाण्याची फट शोधणे हाच उपाय.

नकाशावरून जागा निवडल्या की कॅमेरा. ओढत नेण्याचा कॅमेरा म्हणजे पोलादी चौकट. तिच्यावर स्थिर कॅमेरा, व्हिडिओ कॅमेरा, फ्लॅश, उंची मोजणारा सोनार आणि समांतर लेसर. लेसरचे ठिपके तळावर ठरलेल्या अंतरावर पडतात, उदाहरणार्थ ५० सेंटिमीटरवर. फोटोतली हीच फूटपट्टी. जहाज अर्ध्या नॉटने चालवतात, म्हणजे मिनिटाला सुमारे १५ मीटर. दर २० सेकंदांनी फोटो घेतला तर दोन फोटोंत ५ मीटरांचे अंतर राहते, फोटो एकमेकांवर चढत नाहीत आणि एकच जीव दोनदा मोजला जात नाही.

खरी कसोटी केबल सोडणाऱ्या-ओढणाऱ्या विंचवर बसलेल्या माणसाची. कॅमेरा तळापासून दीड मीटरवर ठेवायचा असतो, आणि वर जहाज लाटेवर मीटर-मीटर उसळत असते. समोर थेट व्हिडिओ, बाजूला उंचीचा आकडा. हात सतत केबल सोडतो आणि ओढतो. हिमनगांतून गळून पडलेले घराएवढे दगड तळावर अचानक समोर येतात. चौकट आपटली तर कॅमेरा जातो आणि त्याखालचा स्पंजही जातो. घाबरून उंची तीन मीटर केली तर फोटोत मावणारे क्षेत्र चौपट होते, पण बोटाएवढे जीव दिसेनासे होतात. दोन वेगळ्या उंचींच्या फोटोंतली संख्या शेजारी ठेवून 'जीव घटले' असा निष्कर्ष काढणे ही या कामातली नेहमीची फसगत आहे. म्हणून प्रत्येक फोटोसोबत उंचीची नोंद हवी आणि ठरलेल्या पट्ट्याबाहेरचे फोटो मोजणीतून वगळायला हवेत.

प्रकाशाचाही प्रश्न आहे. फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटून लावला तर पाण्यात तरंगणारा कचरा उजळतो आणि फोटो बर्फाच्या वादळासारखा येतो. दिवे दूर आणि तिरपे लावले की तळ स्वच्छ दिसतो. काचस्पंज पांढरेशुभ्र असल्याने फोटोत नुसते पांढरे डाग दिसतात, म्हणून प्रकाश थोडा कमी ठेवावा.

फोटोवरून जात ओळखणे बहुतेक वेळा शक्य नसते. मोजणारे 'पिवळा नळीसारखा स्पंज' असे रूपगट पाडतात. दोन अनुभवी माणसांच्या मोजण्यांतही फरक पडतो. म्हणून काही फोटो दोघांना स्वतंत्रपणे मोजायला देऊन तो फरक किती आहे हे आधी काढतात. हे कंटाळवाणे काम आहे आणि पुढच्या सगळ्या आकड्यांची विश्वासार्हता त्याच्यावर उभी आहे.

जवळून पाहायला केबलने जोडलेले रोव्ह, म्हणजे जहाजावरून चालवायचे पाणयंत्र, वापरतात. त्याच्या पंख्यांनी गाळ उडतो, म्हणून प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जीवाजवळ जातात. उडालेला गाळ मागे वाहून जातो. जानेवारी २०२५ मध्ये जॉर्ज सहाव्याच्या नावाच्या आइस शेल्फपासून ए-८४ हा सुमारे ५१० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, तेव्हा 'फॉल्कर टू' हे जहाज बारा दिवसांत त्या जागी पोहोचले. त्यावरच्या 'सुबॅस्टियन' या रोव्हने आठ दिवस तळ पाहिला, १,३०० मीटर खोलीपर्यंत. तिथे मोठे स्पंज, प्रवाळ, आइसफिश, महाकाय समुद्रकोळी होते. वरून अन्न पडण्याची सोय नसलेल्या जागी इतके मोठे जीव म्हणजे प्रवाह बाजूने अन्न आणत असणार, हा त्यातून निघालेला सर्वांत महत्त्वाचा सुगावा.

बर्फाखाली

आइस शेल्फच्या खाली जायचे दोन मार्ग आहेत. एक वरून: गरम पाण्याच्या झोताने भोक पाडायचे. भोक साधारण फूटभर रुंद असते आणि पाडल्या क्षणापासून पुन्हा गोठून आवळू लागते, म्हणून अधूनमधून गरम पाणी सोडून ते रुंद करत राहावे लागते. थ्वेट्स हिमनदीवर २०२० मध्ये सुमारे ६०० मीटर जाडीच्या बर्फातून 'आइसफिन' हा बारीक, लांबोडका रोबो असाच उतरवला गेला. फिल्चनर-रॉने आइस शेल्फवर गाळाचा नमुना घ्यायला ९०० मीटरच्या आसपास बर्फ भेदून भोक पाडले होते. खाली गाळाऐवजी एक मोठा दगड लागला. कॅमेऱ्यात दिसले की दगडावर स्पंज आहेत, उघड्या समुद्रापासून २६० किलोमीटर आत. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. रॉस आइस शेल्फखाली २०१० मध्ये रोबोची चाचणी चालू असताना बर्फाच्या खालच्या बाजूला उलटी लटकलेली समुद्रफुले (सी अ‍ॅनिमोन हे प्राणी) दिसली होती. दोन्ही ठिकाणी शोध वेगळ्याच गोष्टीचा चालला होता.

दुसरा मार्ग बाजूने: स्वयंचलित पाणबुडी. इथे जोखीम मोठी आहे. पाण्याखाली जीपीएस चालत नाही. चुंबकीय होकायंत्र चुंबकीय ध्रुवाजवळ भरवशाचे राहत नाही, आणि घूर्णदर्शी होकायंत्रही ध्रुवाकडे जाताना ढिले पडते, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा जो आडवा हिस्सा त्याला लागतो तो घटत जातो. म्हणून स्वतःच्या हालचालीवरून जागा काढणारी उच्च दर्जाची जडत्व-प्रणाली आणि तळावर ध्वनी आपटून वेग मोजणारे यंत्र अशी जोडी वापरतात. तळ यंत्राच्या टप्प्याबाहेर गेला की चूक साचू लागते. सगळ्यांत अवघड भाग म्हणजे बिघाड झाल्यावर काय करायचे. मोकळ्या समुद्रात उत्तर सोपे: वजन टाक आणि वर ये. बर्फाखाली वर आलेली पाणबुडी छताला चिकटून कायमची अडकते. तिला 'आलास त्याच वाटेने परत जा' हेच शिकवावे लागते आणि बॅटरीचा मोठा हिस्सा त्यासाठी राखून ठेवावा लागतो. एवढे करूनही 'ऑटोसब-२' २००५ मध्ये फिम्बुल आइस शेल्फखाली आणि 'रान' २०२४ मध्ये डॉटसन आइस शेल्फखाली हरवली.

नमुना घेताना

जीव वर आणणे हा शेवटचा पर्याय ठेवावा. घ्यायचाच तर थोडा घ्यावा आणि जो घेतला तो वाया जाऊ देऊ नये. गाळासाठी ५० बाय ५० सेंटिमीटरचा पेटी-कोरर, म्हणजे गाळाचा ठोकळा कापून आणणारी पेटी, उतरवतात. जबड्यात एखादा खडा अडकला तर पेटी अर्धवट मिटते, वर येईपर्यंत वरचा गाळ धुपून जातो, आणि नेमके वरच्या काही सेंटिमीटरांतच बहुतेक जीव असतात. असा नमुना मोजणीसाठी बाद धरावा.

डेकवर हवा उणे २० असू शकते. बादलीतले जीव काही मिनिटांत गोठतात. उलट आत उबदार खोलीत नेले तर शून्याभोवती आयुष्य काढलेल्या जीवाला २० अंश म्हणजे भाजणेच. म्हणून शून्य अंशाची थंड खोली तयार हवी आणि चाळायला समुद्राचेच पाणी. डीएनएसाठीचा तुकडा आधीच गार केलेल्या ९६ टक्के अल्कोहोलमध्ये टाकतात. शरीररचना पाहायची असेल तर ४ टक्के फॉर्मालिन, पण त्यात बोरॅक्स मिसळलेला हवा. नुसते फॉर्मालिन आम्लधर्मी होते आणि शिंपल्यांची, प्रवाळांची चुन्याची अंगे विरघळवते. फॉर्मालिनमध्ये गेलेल्या नमुन्यातून डीएनए काढणे जवळपास अशक्य होते, म्हणून एकाच जीवाचे दोन भाग करून दोन बाटल्यांत ठेवणे चांगले. यंत्रांचीही हीच कथा. क्षारता मोजणाऱ्या यंत्रातली काचेची नळी गोड्या पाण्याने धुऊन डेकवर तशीच ठेवली की पाणी गोठून काच तडकते.

राखणीचे नियम आणि त्यांतल्या फटी

अंटार्क्टिकाभोवतीच्या मासेमारीचे नियम सीसीएएमएलआर हा तिथल्या सागरी जीवसंपदेच्या संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय आयोग करतो. त्यामागचा करार १९८० चा, अंमल १९८२ पासून. २६ देश आणि युरोपीय संघ त्याचे सदस्य आहेत. उघड्या समुद्रातल्या भागात तळ घासणारी ट्रॉल जाळी बंद आहेत. टूथफिश या मोठ्या माशाची शोधक मासेमारी ५५० मीटरपेक्षा उथळ पाण्यात करता येत नाही. खाणकामाचा प्रश्न १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने सोडवला. १९९८ पासून वैज्ञानिक संशोधनाखेरीज कुठल्याही खनिज-हालचालीला बंदी आहे.

टूथफिशसाठी मात्र हजारो गळांची लाँगलाइन तळावर पसरवतात. ओढताना ती आडवी सरकते आणि स्पंज-प्रवाळ मोडते. त्यासाठीचा नियम समजून घेण्यासारखा आहे. दोरीचे १,००० गळांचे किंवा १,२०० मीटरचे तुकडे धरतात, जो लहान असेल तो. प्रत्येक तुकड्यासोबत वर आलेले स्पंज, प्रवाळ आणि तत्सम जीव १० लिटरच्या बादलीत टाकतात. बादलीत मावणाऱ्यांचे माप लिटरमध्ये, न मावणाऱ्यांचे किलोत. १ लिटर किंवा १ किलो म्हणजे एक एकक. एका तुकड्यावर १० किंवा जास्त एकके भरली की त्या तुकड्याच्या मध्यबिंदूभोवती १ सागरी मैल त्रिज्येचे वर्तुळ मासेमारीला बंद. म्हणजे सुमारे १०.८ चौरस किलोमीटर. ५ एककांवर कळवायचे असते.

नियम साधा आहे, जहाजावर पाळता येतो, आणि नसण्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. पण बादली काय सांगते ते नीट पाहा. गळ हे स्पंज गोळा करायचे साधन नाही. काचस्पंज तळावरच चुरा होतो, वर ओढताना तुकडे गळून पडतात. बादलीत ४ लिटर आले म्हणजे खाली ४ लिटरच मोडले असे कोणी म्हणू शकत नाही. शिवाय १० लिटर म्हणजे एकच मोठा स्पंज असू शकतो किंवा नाजूक प्रवाळांच्या कितीतरी वसाहती. दोन्ही नुकसान बादलीला सारखेच. यावर उतारा म्हणजे दोरीवरच छोटे कॅमेरे बांधून खाली खरोखर काय मोडते ते पाहणे आणि दहाचा आकडा जीवगटानुसार वेगवेगळा ठरवणे.

अंटार्क्टिकाभोवतीच्या राखीव क्षेत्रांत रॉस समुद्राचे क्षेत्र सर्वांत मोठे. २०१६ मध्ये ठरले, १ डिसेंबर २०१७ पासून अमलात, १५.५ लाख चौरस किलोमीटर, त्यांपैकी सुमारे ११.२ लाखांत मासेमारी पूर्ण बंद. मुदत ३५ वर्षे. वेडेल समुद्रासाठीचा प्रस्ताव २०१६ पासून आयोगापुढे आहे आणि २०२५ च्या बैठकीपर्यंत मंजूर झाला नव्हता. आयोगात एकमताशिवाय काही ठरत नाही. एका सदस्याचा नकार पुरतो. कोट्यवधी घरट्यांची वसाहत सापडूनही असे अडून राहते, याचे वाईट वाटते.

आर्क्टिकमध्ये अशी एकछत्री व्यवस्था नाही. मध्य आर्क्टिकच्या सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर उघड्या समुद्रात व्यापारी मासेमारी सुरू होण्याआधीच थांबवणारा करार २०१८ मध्ये झाला, २५ जून २०२१ पासून अमलात आला आणि पहिल्या टप्प्यात १६ वर्षांचा आहे. तो माशांपुरता आहे, खनिजांना लागू नाही. नॉर्वेने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या समुद्रातला सुमारे २.८ लाख चौरस किलोमीटर तळ खनिज-शोधासाठी खुला केला. त्याच वर्षी डिसेंबरात परवान्यांची पहिली फेरी राजकीय तडजोडीत अडकून पडली.

छोट्या वाटणाऱ्या दोन गोष्टी. पर्यटक आणि इतर जहाजे उथळ खाडीत नांगर टाकतात तेव्हा नांगरापेक्षा साखळी जास्त नुकसान करते, कारण वाऱ्यासोबत जहाज फिरते आणि साखळी तळ खरवडत त्याच्यामागे जाते. इंजिनांनी जागा धरून राहण्याची यंत्रणा असेल तर नांगर टाकूच नये. आणि बुडाला चिकटून येणारे परके जीव: किंग जॉर्ज बेटाजवळ परक्या मसल जातीच्या शिंपल्यांची पिल्ले रुजलेली सापडल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिणेकडे निघण्याआधी बूड आणि पाणी ओढणाऱ्या जाळ्यांचे खाचे साफ करणे हाच यावरचा खात्रीचा उपाय.

आइस शेल्फ फुटून नव्याने उघड्या पडलेल्या तळासाठी आयोगाचा एक वेगळा नियम आहे: आधी दोन वर्षांपर्यंत आणि पुढे दहा वर्षे ती जागा विज्ञानासाठी राखता येते. या काळाचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा पहिली पाहणी पुन्हा तशीच करता येण्याजोगी असते. त्यासाठी पहिल्याच फेरीत कॅमेऱ्याच्या रेषेची दोन्ही टोके जहाजाच्या नव्हे, कॅमेऱ्याच्या स्थानावरून नोंदवावीत. ५०० मीटर केबलवर हे दोन बिंदू सहज दीडशे-दोनशे मीटर दूर असू शकतात. उंची, वेग, लेसरमधले अंतर, फ्लॅशची मांडणी आणि मोजणीतल्या रूपगटांचे नमुना-फोटो त्या नोंदीसोबत खुल्या संग्रहात ठेवावेत. पाच वर्षांनी दुसरे जहाज, दुसरा कॅमेरा आणि दुसरी माणसे तिथे जातील तेव्हा त्यांना तोच दगड आणि त्यावरचा तोच स्पंज सापडला पाहिजे.